मालगोदामातला पानमळा

माझे दीर नारायणराव यांनी मला फसवलं. स्टेशनाच्या मालगोदामात एक कोपरा मी स्वतःच्या जिभेच्या जोरावर मिळवला होता. तो त्यांनी माझ्याच तोंडचे शब्द वापरून माझ्याकडून काढून घेतला. हे आधीच लिहून ठेवते. पुढे आठवणी सांगताना मी मऊ पडेन, तेवढी मी स्वतःला ओळखते. वाचणाऱ्याने मऊ पडू नये.

ते गोदाम आता नाही. पाडत आहेत असं कानावर आलं म्हणून पाहायला गेले, तोवर पाडूनही झालं होतं. स्टेशन अकोला आणि बडनेरा यांच्या मधलं. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मलाही ओळखतात आणि नारायणरावांनाही. फलाट संपला की डाव्या हाताला काळ्या दगडाची लांब भिंत सुरू व्हायची, तिच्यावर टिनाचं उतरतं छप्पर आणि छपराखाली बैलगाडीच्या उंचीचा धक्का. त्या जागी आता नुसतं आभाळ होतं. दगडांचे ढीग पडले होते, सागवानी वासे एकावर एक रचले होते, आणि ठेकेदाराचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. मला गिऱ्हाईक समजून त्याने दगडाचा भाव सांगितला. मला दगड नको होते, तरी सवयीने मी निम्म्यावर मागितला. तो चिडला, मीही चिडले, आणि चांगलं जुंपल्यावर मला आठवलं की आज मी इथे भांडायला आलेली नाही.

मग वारा फिरला आणि वास आला. पाडलेल्या इमारतीचा वास काही दिवस तिथेच रेंगाळतो, हे मला माहीत नव्हतं. सरकीचा तेलकट वास, ओल्या तरटाचा, कंदिलातल्या रॉकेलचा, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी दगडाचा गार वास. मी ढिगातल्या एका दगडावर टेकले. तो माणूस अजून काही बोलत होता, पण मी त्याच्या भावाच्या पलीकडे गेले होते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होता. गोदामातल्या कागदांवर तसं छापलेलं असे, आणि म्हातारी माणसं तरीही मुलूख निजामाचाच म्हणत. आम्हाला दोन्हींशी घेणं नव्हतं. आमचं वर्ष गोदामाच्या दारात उभं राहिलं की कळायचं. दिवाळी सरली की रुईच्या गाठी येऊ लागत, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, छातीएवढ्या उंच. पांढरे तंतू हवेत तरंगत राहत. हमालांच्या भुवया, कंदिलाच्या काचा, कोळ्यांची जाळी, सगळ्यांवर ते बसत. पौषात तूर आणि ज्वारी. मग लाल मिरची. ती असेपर्यंत सगळं स्टेशन शिंकायचं, इंजिनवाला गाडी थांबवताना शिंकायचा आणि सोडताना शिंकायचा. वैशाखात टिन तापून आपल्याआप टणटण वाजे, जणू छपरावर कोणी दाणे टाकतंय. श्रावणात गोदाम रिकामं पडे. तेव्हा एका टोकाला बोललं की आवाज दुसऱ्या टोकाला जाऊन परत येई, आणि हमाल त्या आवाजाची मजा म्हणून उगाच एकमेकांना नावाने हाका मारत.

मी त्या गोदामात गेले ती पानांमागून. माझं सासर पानमळेवाल्यांचं. पानमळा ज्याने पाहिला नाही त्याला सांगते, आणि सांगताना मला हसू येतं, कारण मीही तो आतून पाहिलेला नाही. शेवरीच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या असतात. भोवती तुराट्यांचं दाट कुंपण असतं, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही चाळूनच आत येतात. आत जाणारा माणूस फाटकाशी जोडे काढतो. वेल आमच्याकडे नुसतं पीक नाही. ती देवाची, तिचा मान ठेवायचा. आणि आमच्या गावात बाईने मळ्यात पाऊल टाकायचं नाही. शेजारच्या गावांत महिन्यातल्या काही दिवसांचीच बंदी असते, आमच्याकडे बारा महिन्यांची. बाईची सावली पडली तरी वेल जळते, असं सासूबाई सांगत. त्याही जन्मभर फाटकाबाहेर उभ्या राहिल्या होत्या.

लग्न नवं होतं तेव्हा मी मालकांना विचारलं होतं, आत काय असतं म्हणून. त्यांना बोलायला वेळ लागे. दोन दिवसांनी, जेवताना, मान वर न करता म्हणाले, “आत दुपार हिरवी रायते.” तेवढ्या एका वाक्यावर मी वर्षं काढली. संध्याकाळी ते आले की पाय धुवायला पाणी द्यायची मी, आणि बघत राहायची. बोटांच्या बेचक्यात काळी ओली माती असे. तिला जो वास होता तो आमच्या दुसऱ्या कुठल्याही शेताच्या मातीला नव्हता. मळा मला त्यांच्या पायांवरून माहीत होता.

मग ते गेले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मळ्याची देखभाल नारायणरावांकडे आली. माझ्या वाट्याची पानं खुडून, करंडीत भरून, फाटकाबाहेर माझ्यापुढे ठेवली जात. गावातला दलाल ती उचलून नेई आणि येऊन सांगे की वाटेत निम्मी काळी पडली. मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्याच्या हातातून करंडी ओढून घेतली, गाडीत घातली आणि स्वतः स्टेशनाला निघाले. बाईमाणसाने मालधक्क्यावर जाऊ नये असं गाडीवान वाटभर सांगत होता, आणि मी वाटभर त्याचं भाडं खाली आणत होते. स्टेशन आलं तेव्हा आम्ही दोघेही थकलो होतो आणि भाडं अर्धं झालं होतं.

पान उष्म्याने मरतं. करंडी बंद ठेवली की ते आपल्याच उबेत शिजतं. म्हणून ती उघडावी लागते, पानं हाताने फिरवावी लागतात, डाग पडलेलं पान हुडकून काढावं लागतं, कारण ते शेजारच्या दहांना डाग देतं. मग पाणी शिंपडून केळीच्या पानात पुन्हा बांधायचं. गाडीला पानांचा डबा लागायचा दुपार टळल्यावर. तोवर त्यांना गार जागा हवी, आणि वैशाखातल्या वऱ्हाडात गार जागा म्हणजे काय, हे इथे राहिलेल्याला सांगायला नको.

गोदामाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीबाहेर, इंजिनांना पाणी देणारी टाकी होती. ती गळायची. त्यामुळे आतला तो कोपरा बारमाही ओला. तिथे रुई पिवळी पडे, ज्वारीला बुरशी येई, म्हणून कोणी तिथे माल ठेवत नसे. मी त्या भिंतीला तळहात टेकवला आणि तो मागे घ्यावासा वाटेना.

गोदामाचा हिशेब ठेवणारे मालबाबू सागरकडचे, बारीक अंगाचे, नाकाच्या टोकावर चष्मा. हिंदी बोलत, मराठी समजत. गोदाम माल ठेवण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, जिथे कोणाचाच माल टिकत नाही तिथे माझा टिकेल, म्हणजे रिकामी जागा मी तुम्हाला कामाला लावून देते आहे. ते म्हणाले, असा नियम नाही. मी म्हटलं, नियम नाही म्हणजे मनाईही नाही. ते कागदांत डोकं घालून बसले. मी हलले नाही. शेवटी करंडीतलं सगळ्यात कोवळं पान काढलं, विडा केला आणि त्यांच्या कागदावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “रोज़?”

“रोज,” मी म्हटलं.

याला कोणी लाच म्हणेल. म्हणू दे. त्या माणसाने माझ्याकडून कधी दुसरा विडा मागितला नाही.

पण कोपरा मिळाला तरी कोपऱ्यातून जाणारी वाट होती. टाकीकडचं लहान दार तिथेच होतं; पाणी प्यायला जाताना हमाल, कधी पाठीवरच्या पोत्यासकट, तिथूनच आडवे जात. त्यांच्या जोड्यांना खिळे, खिळ्यांत कोळशाची कच, तळाला डब्यांच्या चाकांचं काळं तेल. मी केळीच्या पानावर पानं पसरून बसलेली, आणि हे त्यांच्यावरून. आठ दिवस मी ओरडले. जोडे काढा म्हटलं की हसत. पाठीवर पोतं असताना जोडे कोण काढत बसणार, असं विचारत. आणि तेही खरंच होतं. हमालांचे मुकादम चांदभाई, मेंदी लावलेल्या दाढीचे, तेवढे हसत नसत. पण तेही जोडे घालूनच जात.

नवव्या दिवशी मी आवाज खाली आणला. म्हटलं, “चांदभाई, पानमळ्यात कोणी जोडे घालून जाते काय? पान जिथं हाय तिथं मळा हाय. मंग हा बी मळाच.”

ते थांबले. पाठीवरचं पोतं उतरवून त्यांनी भिंतीला लावलं. एका गाठीला हात टेकून एक जोडा काढला, मग दुसरा, आणि दर्ग्यात शिरावं तसे मान थोडी वाकवून आत आले. पाणी पिऊन तसेच परत गेले. त्यानंतर मला कोणाला सांगावं लागलं नाही.

मी चुन्याने एक रेघ ओढली. रेघेबाहेर जोड्यांची रांग लागू लागली. मालबाबूंचे बूट दोरीचे; ते खाली बसून, चष्मा सावरत, एकेक गाठ सोडवत. दुसरी गाठ सुटेपर्यंत माझा विडा तयार असे. एकदा अकोल्याचे एक रुईवाले शेठ आले, जोड्यांची रांग पाहून त्यांनीही पगडी सारखी केली, जोडे काढले आणि मला हळूच विचारलं, कोणता देव आहे. मी करंडीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस नारळ घेऊन आला. हमालांनी तो फोडला, आणि खोबरं खाताना चांदभाई मला म्हणाले की बाई, आता घंटा तेवढी राहिली.

खरं सांगायचं तर तो सौदा होता. घाणीचं कारण कोणाला पटत नव्हतं, मळ्याचं पटलं. जे खपतं ते मी विकलं. मळ्याचा एक नियम उचलून मी गोदामात आणला आणि दुसरा गावी ठेवून आले. नियम असे सुटे मिळत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात कळलं असतं.

पण ती चार वर्षं. मी भोवती करंड्या मांडून मध्ये बसायची. पाठीला गार भिंत, भिंतीपलीकडे इंजिन पाणी प्यायचं. आधी साखळीचा आवाज, मग पाण्याची धार, मग ते तृप्त झाल्यासारखं एक लांब फुसकारायचं. बोटं दिवसभर ओली असत, त्यांना पानाचा तिखट-गोड वास इतका भिनला होता की जेवताना भाकरीलाही यायचा. एका दुपारी मी मान वर केली तर समोरची भिंत हिरवी दिसली. टिनाला एक भोक होतं, त्यातून उन्हाचा कवडसा ओल्या पानांवर पडला होता आणि पानांवरून उठून भिंतीवर गेला होता. हलत होता. मी हात थांबवला. आजूबाजूला कोणीतरी गाठींची मोजणी ओरडत होतं. मी मालकांना मनातल्या मनात सांगितलं, पाहिलं म्हणून.

नागपंचमीला आमच्याकडे नागवेलीची पूजा असते. पुरुष मळ्यात जाऊन करतात, बाया फाटकाबाहेरून हात जोडतात. त्या चार वर्षांत मी ती गोदामात केली. श्रावणामुळे काम थोडं, गोदाम रिकामं. चांदभाईंनी घरून ज्वारीच्या लाह्या आणल्या, एका हमालाच्या बायकोने दूध दिलं. मालबाबू बूट काढून उभे होते, दुसरा मोजा काढायचा विसरल्यामुळे एक मोजा पायात आणि एक खिशात. मी करंडीला हळद-कुंकू लावलं. आमच्या घराण्यात वेलीला इतक्या जवळून कुंकू लावणारी मी पहिली बाई. हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

नारायणराव माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बोलायला गोड. चैत्रात एका सकाळी ते गोदामात आले. त्यांची पानं वाटेत काळी पडत होती आणि माझी खंडव्यापर्यंत ताठ पोचत होती, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी रेघेबाहेर जोडे काढले, विडा घेतला, आणि दोन करंड्यांपुरती जागा मागितली. कोपरा तुमचाच राहील वयनी, दादाची शपथ, म्हणाले. मालकांचं नाव निघालं आणि मी घासाघीस करायची विसरले. आयुष्यात तेवढं एकदाच. मी जागा दिली. पानं कशी फिरवायची, डाग कुठे आधी उतरतो, हे त्यांचा हात हातात धरून शिकवलं. दोन करंड्यांच्या पाच झाल्या. मी सरकत गेले.

पुढे एकदा डबा भुसावळला उन्हात उभा राहिला आणि आमची दोघांची पानं गेली. माझीही गेली. पण दुसऱ्या दिवशी ते आले ते ठरवूनच आले होते. त्यांनी जोडे काढले, नीट ओळीत लावले, कोपऱ्याला हात जोडले. मालबाबू दारात होते, चांदभाई आणि सहा-सात हमाल गाठी लावत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, “वयनी, हा मळाच हाय ना?”

मी म्हटलं, “हाय.”

“मंग तुमी आत काहून बसून राहिल्या?”

गाठी लावायचा आवाज थांबला. मी भाव करून जगलेली बाई. कोणी काही म्हटलं की माझं उत्तर त्याच्या आधी तयार असायचं. त्या दिवशी मी दोन्ही उत्तरं तोलून पाहिली. हा मळा नाही म्हणावं, तर देवाचं नाव घेऊन चार वर्षं मी या माणसांचे जोडे खोटेपणाने उतरवले असं झालं असतं. मळा आहे म्हणावं, तर मला उठावं लागणार. नारायणरावांनी हे दोन्ही घरी बसून मोजलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते; पानांकडे बघत होते.

“मळाच हाय,” मी पुन्हा म्हटलं, आणि उठले. हात ओलेच होते. रेघ ओलांडताना मी तिच्यावर पाय पडू दिला नाही.

त्या दुपारी मालबाबू माझ्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, “बाई, यह लकीर मिटवा दूँ?” मी नको म्हटलं. रेघ पुसली असती तर चांदभाईंनी पहिल्या दिवशी वाकवलेली मान खोटी ठरली असती. माझं काही गेलं तर चालेल, ती मान मी माझ्या सौद्यात घालायला नको होती. घातली होती, तर आता तिची किंमत मीच द्यायची.

त्यानंतर आठ वर्षं मी रेघेबाहेर बसून पानं फिरवली. आधी जागा जोड्यांच्या रांगेशेजारी मिळाली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाहते तर रांग तिथे नाही. हमालांनी जोडे दाराच्या पलीकडे काढायला सुरुवात केली होती, तिथून अनवाणी, तापलेल्या धक्क्यावरून चालत यायचं. कोणी कोणाला काही सांगितलेलं मी ऐकलं नाही. चांदभाई सकाळी माझ्या करंड्या आतल्या गार भिंतीशी नेऊन ठेवत, एकेक करून माझ्यापुढे आणत, झाली की परत नेत. माझ्या डोक्यावर दोन खांबांना एक ओलं तरट बांधून टाकलं होतं, ते दिवसातून तीनदा भिजवायचं काम त्यांनी कोणालाच दिलं नाही, स्वतः केलं. आणि मालबाबूंनी पुन्हा कधी बुटाची गाठ सोडली नाही. आतली मोजणी ते रेघेबाहेर उभं राहून करत, करंड्या हमालांकडून हाताने दाखवून घेत. विडा उभ्याउभ्याने घेत, माझ्या शेजारी, गाडी येईपर्यंत. त्या आठ वर्षांत या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. आम्ही पानांवर बोललो, त्यांच्या मुलीच्या लग्नावर बोललो, लढाईमुळे डबे मिळत नव्हते त्यावर पुष्कळ भांडलो.

मग त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्याकडून पानांची एक पुडी घेतली आणि सागरपर्यंत ती ताजी ठेवायची कशी, हे इतक्या बारकाईने विचारलं की मला रडू येण्याऐवजी राग आला. चांदभाई दोन वर्षांनी गेले. मोटारी आल्या, माझा माल मोटारीने जाऊ लागला, अकोल्यात आणि अमरावतीत माझ्या नावाने पान मागणारी गिऱ्हाइकं झाली. गार जागा मी पुढे स्वतःच्या बांधल्या. त्यांतल्या एकीतही भिंत हिरवी झाली नाही.

हे सगळं त्या दगडावर बसून आठवलं. ऊन चढलं तशी मी उठले आणि तो कोपरा नेमका कुठे होता ते शोधायला लागले. फलाटाच्या टोकापासून पावलं टाकली. पण आम्ही सगळं त्या भिंतीपासून मोजायचो, आणि भिंतच नव्हती. टाकीही नव्हती. जमीन सारखी केलेली, कोरडी. अंदाजाने एका जागी उभी राहिले, पण मी आत उभी आहे की बाहेर, ते ठरवता येईना. दोन पावलं इकडे सरकले, दोन तिकडे. ठेकेदाराच्या माणसाने लांबून विचारलं की काही हरवलं आहे का. 

तशीच एसटीने अचलपूरला गेले. नारायणराव तिथे धाकट्या मुलाकडे असतात. मळा अजून आहे, मुलं बघतात. मोठं फाटक लावलं आहे म्हणे, लोखंडी. नारायणरावांना आता नीट दिसत नाही, पण माझा आवाज ऐकताच त्यांनी वयनी म्हणून हाक मारली, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. सुनेने चहा ठेवला. मी सरळ विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं, दात नसलेल्या तोंडाने हसले आणि पानदान माझ्याकडे सरकवलं.

“पडलं ना ते आता. गोदामच नाई, तं आत काय अन् बाहेर काय, वयनी?”

मी पान घेतलं नाही. चहाही तसाच राहिला. त्यांची सून दाराला टेकून उभी होती, कडेवर मूल घेऊन. मी काय बोलते याची ती वाट बघत होती. मी काही न बोलता निघाले; कारण घरातल्या घरात बोललेलं घरातच मिटवतात, हे मला इतक्या वर्षांच्या व्यवहारानंतर कळतं.

म्हणून इथे लिहिते. नारायणभाऊजी, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेलच. ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यातले मालबाबू गेले, चांदभाई गेले, हमालांपैकी कोणाचा पत्ता नाही. तुम्ही आणि मी राहिलो. मला कोपरा परत नको, तो आता कोणी देऊही शकत नाही. मळ्याच्या जमिनीतला वाटा तर मी कधी मागितलाच नाही. मला एक उत्तर हवं आहे, आणि पानदान सरकवून हसत दिलेलं चालणार नाही. मळ्याच्या फाटकाशी या, तुमच्या मुलांना आणि त्या सुनेला घेऊन, आणि त्यांच्या देखत सांगा. त्या दिवशी तुम्ही हात जोडलेत तेव्हा वेल जळेल अशी भीती तुम्हाला खरंच वाटली होती, की तुम्हाला माझी गार भिंत हवी होती? भीती वाटली असेल तर तसं म्हणा. मी मान खाली घालून परत जाईन. भिंत हवी असेल तर तेही म्हणा. आणि मग ती पोर कोणाच्या शब्दावर अजून फाटकाबाहेर उभी आहे, ते तिलाही तुम्हीच सांगा.